पित्ताशयाची खुर्ची

आमच्या शरीर मंडळात सभासद नऊ होते आणि नऊ मिळून एक माणूस होता. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही, तसा लेखी नियमच होता. मी मंडळाचा बाइंडर. मला अवयव नव्हता. उभा जन्म चामड्यात हात घालून गेला, पण कातडीसुद्धा कुणी दिली नाही. मी आपला कोपऱ्यात स्टुलावर, खळीची वाटी नि हाडाची पट्टी घेऊन बसायचो. त्यामुळे सगळं नीट दिसायचं.

मंडळाचं काम एकच, माणसाच्या शरीराची जुनी छापील पुस्तकं जमवायची. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची, ज्यांना कसर लागलेली आणि ज्यांच्या वासानं शिंका येतात अशी. त्यातही मान घडीच्या तक्त्याच्या पुस्तकाला. घडीचा तक्ता म्हणजे शेवटी दुमडून शिवलेला लांबलचक कागद. उलगडत गेलं की टेबलभर एक अख्खा माणूस पसरतो. पोट सताड उघडं, आतडी बाहेर, आणि चेहऱ्यावर मात्र फोटो काढायला आल्यासारखा भाव.

फार पूर्वी दोन संस्थापकांची अशाच एका पुस्तकावरून झोंबाझोंबी झाली होती. एकाच्या हातात पुठ्ठा राहिला, दुसऱ्याच्या हातात मजकूर. तेव्हापासून नियम आला. पुस्तक सगळ्यांचं, पण अवयव ज्याचा त्याचा. मंडळात शिरताना जो अवयव रिकामा असेल तो मिळे आणि मरेपर्यंत सांभाळावा लागे. रविवारी दुपारी तक्ता टेबलावर उलगडला की ज्याचा अवयव जिथं, त्याची खुर्ची तिथं. डोक्याशी हेडमास्तर. ते कवटीचे, म्हणून अध्यक्षही तेच. पोटाशी वकील. मूत्राशयाशी पोस्टमन, बरगड्यांशी सुतार. यकृत पाववाल्याकडे. डावीकडे हृदयाशी सुईणबाई, आणि बरोबर त्यांच्या समोर, उजवीकडे, पाववाल्याच्या काखेत दडपलेले घड्याळजी. त्यांच्याकडे पित्ताशय. राहिलेल्या दोघांकडे आतडी होती, एकाकडे लहान नि एकाकडे मोठं, आणि त्या दोघांचं आपसात पटायचं नाही, म्हणून ते कधी बोलत नसत.

घड्याळजी म्हणजे बारीक माणूस. उभं आयुष्य डोळ्याला भिंग लावून चाकं नि कमानी बघण्यात गेलं, त्यामुळे मोठी वस्तू दिसली की बिचकत. लग्न केलं नव्हतं. पाठची बहीण घर सांभाळायची. एकोणीस वर्षं ते दर रविवारी सुईणबाईंसमोर बसले, आणि एकोणीस वर्षांत त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

कारण टेबल. टेबल चांगलं दीड हात जास्तच रुंद होतं. हलक्या आवाजातलं बोलणं मधेच, आतड्यांच्या आसपास, पडून जायचं. आणि घड्याळजींना जे बोलायचं होतं ते हलक्या आवाजातच बोलण्यासारखं होतं.

"अहो, मग रस्त्यात गाठून बोला की," मी एकदा म्हटलं.

"रस्त्यात बोलायला विषय लागतो बाइंडर. टेबलाशी विषय समोर पसरलेला असतो. शेजारी खुर्ची असली की माणूस सहज म्हणू शकतो, बघा हो, ही शीर किती सुरेख कोरलीय. आणि मग पुढे."

"पुढे काय?"

"पुढे पुढचं," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. एकसष्टावं चालू होतं त्यांचं.

तर त्यांच्या डोक्यात हे शेजारी बसण्याचं खूळ शिरलं ते पाववाल्यामुळे. एका रविवारी जे पुस्तक उघडलं त्यात यकृताला पाच पाकळ्या होत्या. जुन्या लोकांनी माणसं कमी आणि कुत्री जास्त फाडली, म्हणून असं व्हायचं. तक्ता उलगडला, पाकळ्या मोजल्या, आणि हेडमास्तरांनी नियमावली काढून निकाल दिला. तक्त्यात जे असेल ते खरं. पाववाल्यानं त्या दिवशी पाच खुर्च्या अडवल्या. दोन्ही आतडी खिडकीत उभी राहिली. पाववाला आळीपाळीनं पाचही खुर्च्यांवर बसून बघत होता नि म्हणत होता, "नियम म्हणजे नियम."

त्या दिवशी घड्याळजींना साक्षात्कार झाला. खुर्च्या हलतात! पुस्तक चुकलं की खुर्च्या हलतात. म्हणजे जगाच्या पाठीवर कुठंतरी, कुठल्यातरी गाढवानं, पित्ताशय हृदयाला खेटून छापलेलं असणार. ते पुस्तक शोधायचं, बस.

झालं. बाकीचे सभासद अचूक पुस्तकं धुंडाळत होते आणि हा माणूस चुकीची. जुन्या बाजारात त्यांचे प्रश्न ऐकून विक्रेते मागे सरायचे. "याहून वाईट नाही का काही?" "हे फारच बरोबर आहे हो, याचा मला काय उपयोग?" "ज्यानं कधी माणूस बघितलाच नाही अशा एखाद्या वैद्याचं दाखवा." घरी बहीण हैराण झाली होती.

"दादा, लोक विचारतात मला, तुझ्या भावाला पित्ताचा त्रास आहे का? मी काय सांगू?"

"आहे म्हण."

"हे बघ, सगळी फडताळं पुस्तकांनी भरलीस. माझे डबे पलंगाखाली गेले. एक दिवस पलंगाखाली डबे नि फडताळात मी, असं होईल."

"तुला कोणता अवयव हवाय का? लहान आतडं कंटाळलंय म्हणतात."

"मला माझं फडताळ हवंय," बहीण म्हणाली आणि तिनं भाजीच्या पातेल्यावर झाकण आपटलं.

पहिलं पुस्तक मिळालं ते आरशातलं. म्हणजे झालं होतं असं की कोरणाऱ्यानं दुसऱ्याच्या पुस्तकातलं चित्र चोरलं आणि जसं दिसलं तसं तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. पत्र्यावरचं कागदावर उलटं उमटतं, हे चोरीच्या घाईत विसरला. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, सगळा माणूस फिरलेला. रविवारी घड्याळजींनी तक्ता टेबलावर उलगडला. हेडमास्तर म्हणाले, "सभासदांनी बाजू बदलाव्यात." सगळे उठले, आपापली खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. सुईणबाई इकडून तिकडे, घड्याळजी तिकडून इकडे. आणि बसल्यावर बघतात तो काय, समोर सुईणबाई. समोरासमोरचे पुन्हा समोरासमोर! आणि पाववाल्याची काख होतीच.

"बाइंडर," नंतर ते मला म्हणाले, "एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात कशी नाही आली हो?"

"घड्याळाचे काटे उलटे फिरवले तरी बारासमोर सहाच राहतात," मी म्हटलं. त्यांना ते लागलं. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरं पुस्तक बुटक्या माणसाचं. पत्रा कमी पडला म्हणून कोरणाऱ्यानं मानेखालचं सगळं सामान दडपून खाली ढकललं होतं. हृदय पार पोटात उतरलेलं. घड्याळजींनी सुतळीनं मापून बघितलं, हृदयापासून पित्ताशय चार बोटं. चारच! रविवारी नवा सदरा घालून आले. पण चार बोटं रिकामी कुठं होती? त्या चार बोटांत यकृत होतं. सुईणबाईंच्या एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला पाववाला, आणि पाववाल्याच्या पलीकडे, तशीच काखेत, आमची स्वारी. दुपारभर पाववाला सुईणबाईंना जाड कवचाचा पाव कसा भाजतात ते सांगत होता आणि घड्याळजींना त्याची पाठ दिसत होती. मधेच सुईणबाई हसल्या. कशाला हसल्या ते त्यांना ऐकू आलं नाही. निघताना त्यांनी मला गाठलं.

"बाइंडर, एक काम कराल का?"

"बोला."

"एक इवलीशी पिशवी. चिंचोक्याएवढी. जुन्या कागदावर काढायची, कापायची, आणि बरोबर हृदयाशेजारी खळीनं चिकटवायची. कोण बघतंय?"

"घड्याळजी," मी म्हटलं, "मी खोटं बोलतो, खोटं चिकटवत नाही."

 त्यांनी पायरीवर बसून बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मग म्हणाले, "बाईंचा भाचा त्यांना आपल्या गावी न्यायचं म्हणतोय. पोस्टमननं पत्र बघितलं. महिनाअखेर जातील. मग हृदयाची जागा रिकामी. मलाच देतील कदाचित, मी ज्येष्ठ ना." आणि हसले. तसं हसणं कुणी हसू नये.

म्हणजे उरले रविवार तीन.

त्यातले दोन नुसते गेले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी जुन्या बाजारातला एक विक्रेता एक जाडजूड पुस्तक घेऊन घड्याळजींच्या दुकानात आला. पाठ उसवलेली, पुठ्ठ्याला उंदरांनी चव घेतलेली, आणि तक्ता ओलीनं घट्ट चिकटून बसलेला. पण पहिल्या पानावर ठळक अक्षरात छापलं होतं, हेडमास्तरांना बोलावून आम्ही ते वाचून घेतलं, की या ग्रंथात हृदय आजवरच्या सर्व ग्रंथांपेक्षा मोठ्या आकाराचे व प्रत्यक्ष पाहून दाखविले आहे.

"मोठं!" घड्याळजी माझ्या कानात कुजबुजले. "मोठं म्हणजे पसरणार. पसरलं म्हणजे उजवीकडे येणार. उजवीकडे कोण आहे?"

"पाववाला."

"पाववाल्याच्या काखेत हो! पाववाला सरकेल. मोठ्या हृदयापुढे यकृत काय टिकतंय?"

पुस्तकाच्या बदल्यात त्यांनी भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ काढून दिलं. वडिलांच्या हातचं. बहीण दारात उभी राहून नुसती बघत होती. "दादा," ती शेवटी म्हणाली, "घड्याळजीच्या घरात आता वेळ शेजारच्यांना विचारायची का?" पण तिनं पुस्तक बांधायला आपली जुनी ओढणी दिली. तिला कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. बहुतेक कळलं होतं.

असा चिकटलेला तक्ता पहिल्यांदा उघडायचा तो टेबलावर, सगळ्यांदेखत, हा मंडळाचा कडक नियम. मी वाफ देऊन, घड्यांमधून हाडाची पट्टी फिरवून कागद सोडवून ठेवला. आत डोकावलो नाही. म्हणजे डोकावलो, पण पायच दिसले.

रविवार उजाडला. खोलीत सगळे जमले. सुईणबाईंनी प्रवासाला घालायचं नवं लुगडं नेसलं होतं, ते बघून घड्याळजींचा चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला. मी तक्ता उलगडला नि चार कोपऱ्यांवर वजनं ठेवली. चेहरा छान होता, दाढी नीट विंचरलेली. हृदय खरोखर कलिंगडाएवढं. वकिलांनी वा म्हटलं. सुतार बरगड्या मोजायला वाकला.

"पित्ताशय?" हेडमास्तरांनी हजेरी घेतली.

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं. यकृताखाली बघितलं, यकृतावर बघितलं. मग मूत्राशयाकडे बघितलं, तसा पोस्टमन म्हणाला, "माझ्यात काय शोधताय?"

"नाहीये," घड्याळजी म्हणाले.

"नीट बघा."

"नीटच बघतोय. नाहीच. या माणसाला पित्ताशयच नाही."

 हेडमास्तरांनी नियमावली उघडली, चष्मा पुसला, पुन्हा घातला. तक्त्यात जे असेल ते खरं, आणि तक्त्यात जे नाही ते सभेत नाही. "वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण तुम्हाला आज बाहेर थांबावं लागेल. पुस्तक तुम्हीच आणलंत, त्याबद्दल मंडळ आभारी आहे."

"चूक आहे हो छापणाऱ्याची," मी कोपऱ्यातून म्हटलं.

"अवयव नसलेल्यांनी बोलू नये," मोठं आतडं म्हणालं.

घड्याळजी उठले. टोपी घातली. दोनदा घातली, पहिल्यांदा उलटी बसली होती. दारापर्यंत गेले.

"थांबा," सुईणबाई म्हणाल्या. एकोणीस वर्षांत त्यांचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्या उठल्या, पदर खोचला आणि बाळंतिणीच्या खाटेवर वाकावं तशा तक्त्यावर वाकल्या. "सुतार, किती झाल्या?"

"अठरा," सुतार म्हणाला. त्याला घाम फुटला होता. "एका बाजूला अठरा. दोनदा मोजल्या. मी एवढ्या खुर्च्या कुठून आणू?"

"हजारावर पोरं काढली मी या हातांनी," सुईणबाई म्हणाल्या. "एकालाही अठरा नव्हत्या. हे आतडं बघा, दोरखंडाएवढं. हे हृदय बघा. आणि पित्ताशय नाही म्हणे! माझे वडील टांगा हाकायचे, मला विचारा. हा माणूस नाही. हा घोडा आहे."

सगळे वाकले. आणि एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेचना. त्या लबाड ग्रंथकारानं घोडा फाडला होता, आणि वरून माणसाची कडा काढून, डोकं बसवून, दाढी लावून मोकळा झाला होता. प्रत्यक्ष पाहिलं होतं हे मात्र खरं. बघा, लांबून त्या चेहऱ्यावरही थोडा उमदेपणा होताच.

"आता काय करायचं?" वकिलांनी विचारलं.

हेडमास्तरांनी नियमावली पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. "घोड्याची तरतूद नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आज खुर्च्यांना नियम नाही. कुणीही कुठंही बसावं."

काय सांगू तुम्हाला! बोट लागावी तसं झालं सगळ्यांना. वीस-वीस, तीस-तीस वर्षं एका जागी बसलेली माणसं. पोस्टमन खुर्ची पोटाशी धरून गोल गोल फिरत होता. वकील हेडमास्तरांच्या जागी बसून बघून लगेच उठले, म्हणाले, इथं वारा लागतो. दोन्ही आतडी एकाच खुर्चीवर बसायला गेली आणि एकमेकांना "बसा, बसा" म्हणाली. मंडळाच्या इतिहासातलं त्यांचं पहिलं बोलणं. पाववाला भिंतीला टेकून उभाच राहिला. "मला सांगा कुणीतरी," तो म्हणत होता, "मला सांगा कुठं बसू."

आणि या गोंधळातून घड्याळजी दारापासून परत आले. टोपी डोक्यावरच होती. आपली खुर्ची उचलली. टेबलाला वळसा घातला, हेडमास्तरांच्या मागून, सुताराच्या पायावरून. सुईणबाईंच्या अगदी शेजारी खुर्ची ठेवली आणि तिच्यावर बसले.

मी खळीची वाटी खाली ठेवली.

ते समोर बघत बसले. घोड्याच्या हृदयाकडे. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एकोणीस वर्षं घोटून ठेवलेलं वाक्य शिरेबद्दल होतं, आणि ती शीर माणसाची होती. घोड्याच्या शिरेचं कौतुक कसं करणार? शेवटी सुईणबाईंनीच मान वळवली.

"काय हो, इकडे कुठं?"

"इथं... आज चालतं म्हणाले."

"चालतं, पण मला नाही चालत. एकोणीस वर्षं समोर बसलात. वर बघितलं की तुम्ही दिसायचात. आता तुम्हाला बघायचं तर मान वाकडी करावी लागते, आणि माझी मान धरलीय."

घड्याळजींनी त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्या जवळून पहिल्यांदाच. "तुम्ही बघायचात?"

"समोर माणूस बसवलाय म्हटल्यावर काय छताकडे बघू? जा आपल्या जागेवर. काय बोलायचं असेल ते तिथून बोला. आणि जरा मोठ्यानं बोला, एकोणीस वर्षं नुसते ओठ हलताना बघतेय मी."

"सगळे ऐकतील."

"ऐकू देत. त्यांना आज कामच काय आहे?"

घड्याळजी उठले. खुर्ची उचलली आणि पुन्हा अख्खा वळसा. ते समोर जाऊन बसले आणि नेमका त्याच क्षणी सगळा गलका थांबला. वाईट माणसं एकेक. टाचणी पडली असती तर पोस्टमननं उचलून दिली असती.

घड्याळजींनी घसा साफ केला. टेबलावर हात ठेवले. आणि घोड्यावरून, सगळ्या मंडळादेखत, ओरडूनच म्हणाले,

"सुईणबाई! तुम्ही सकाळी किती वाजता उठता?"

"पाचला," सुईणबाईंनी तितक्याच मोठ्यानं सांगितलं.

"मीपण पाचला!"

"मी तीनला उठतो," पाववाला भिंतीपाशी म्हणाला.

"तुम्हाला कुणी विचारलंय का?" असं आठ जण एकदम म्हणाले.

"पाचपासून काय करता?" सुईणबाईंनी विचारलं.

"सहापर्यंत घड्याळांना चावी देतो."

"आणि सहानंतर?"

घड्याळजी थांबले. त्यांना खोटं सांगता आलं असतं. "सहानंतर काही नाही," ते म्हणाले. "दुकान नऊला उघडतं. सहा ते नऊ मी नुसता बसलेला असतो."

सुईणबाईंनी थोडा विचार केला. लुगड्याची नवी घडी बोटानं दाबून बघितली.

"भाच्याला लिहिते मग," त्या म्हणाल्या. "म्हणावं, सकाळचं जमायचं नाही मला."

हेडमास्तरांनी टाक शाईत बुडवला. इतिवृत्तात सगळं लिहायचं ही त्यांची खोड. "आता हे कुठल्या अवयवाखाली नोंदवू?" त्यांनी विचारलं. वकिलांनी पोटाखाली म्हटलं, पोस्टमननं हरकत घेतली, आणि त्यावर जो वाद जुंपला तो दिवेलागणीपर्यंत चालला. घड्याळजी आणि सुईणबाई त्यात पडले नाहीत. ते समोरासमोर बसून, मोठमोठ्यानं, टांग्याच्या घोड्यांबद्दल बोलत होते.